अच्छाडची डार्करूम

आगर, डहाणू
२० जानेवारी २०१९

चि. जतीन,

तुला आणि भाविनीला मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी अजून आहे, किनाऱ्यावर बोंबील वाळताहेत, वास घरापर्यंत येतो. मी बरा आहे.

परवा चारोटी नाक्यावर "मामा, तुम्ही इथेच उतरा" म्हणून तू मला गाडीतून उतरवलंस. माझ्या आजारी बहिणीच्या समोर. मी उतरलो, कारण तिथे भांडण झालं असतं तर ताई मध्ये बोलली असती, आणि तिच्या सुजलेल्या तोंडाला बोलायची मनाई आहे. गंजाडपर्यंत जीप मिळाली, पुढे विटांच्या ट्रकवाल्याने सोडलं. राग नाही असं लिहिणार होतो. पण मी खोटं लिहीत नाही. राग आहे. तो बाजूला ठेवून कामाचं लिहितो.

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र चिमणच्या हाती देतोय. त्याचा टेम्पो तुमच्या अच्छाडच्या ढाब्यांना मासळी घालायला जातोच. पत्र नीट वाच, भाविनीला वाचून दाखव आणि ताईला ऐकव.

इस्पितळात तू फक्त तिला न्यायला आलास. आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, तरी गाडीत बसल्या बसल्या म्हणालास, "माझ्या आईवर प्रयोग केला." प्रयोग हा शब्द तू शिवीसारखा वापरतोस. ऐक. तीन वर्षांपूर्वी ताईच्या गालाची गाठ कापली, मग किरणांचे शेक दिले. गेल्या वर्षी रोग त्याच जागी परत आला. तिथे पुन्हा शेक देता येत नाहीत. उरले दोन रस्ते: अर्धा जबडा काढायचा, नाहीतर हा उजेडाचा उपचार, ज्याचा त्यांच्याकडे अभ्यास चालू आहे. ताईला डॉक्टरबाईंनी दोन्ही समजावले. ताईने एकच विचारलं, "जबडा गेल्यावर मला बाजारात हाक मारता येईल?" बाई म्हणाल्या, अवघड आहे. "मग उजेड लावा," ताई म्हणाली. सही तिने केली, मी नाही. मी फक्त तिथे उभा होतो.

मंगळवारी तिला शिरेतून औषध दिलं. काळपट लाल, आपल्या कोकमाच्या आगळासारखं. ते अंगभर पसरतं, चांगल्या पेशींतून लवकर निघून जातं, रोगाच्या पेशींत रेंगाळतं. म्हणून दोन दिवस थांबले. गुरुवारी गळाच्या तंगुसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून लाल लेसर गालाच्या आत धरला. सहाशे तीस नॅनोमीटर. सहाशे पन्नास नाही, सहाशे नाही. नुसतं औषध काही करत नाही. नुसता तो उजेडही काही करत नाही. दोन्ही एका पेशीत भेटले की तिथल्याच प्राणवायूचा निखारा होतो आणि पेशी आतून जळते. कुठे लेसर बनवणारे इंजिनियर, कुठे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघणारे, कुठे कॅन्सरचे डॉक्टर. हे सगळे एका टेबलाशी बसले तेव्हा कुठे ती तार ताईच्या गालापर्यंत आली. हे मी इस्पितळात ऐकून सांगत नाही. गेलं वर्षभर शब्दकोश शेजारी ठेवून वाचतोय.

तू चिमणजवळ म्हणालास म्हणे, "नववी नापास फोटोवाला डॉक्टर झाला." दुरुस्ती करून घे. नववी पास. दहावीला बसलो नाही. शिवी द्यायची तर माहिती तरी बरोबर दे.

आणि फोटोवाला म्हणून जे हसतोस, तेच आता कामाला येणार आहे. तीस वर्षं डहाणूच्या स्टुडिओत मी डार्करूममध्ये काढली. उजेड काय करतो ते मला कोणी शिकवायला नको. औषध अजून महिनाभर ताईच्या कातडीत राहणार. म्हणजे तुझी आई या घडीला कॅमेऱ्यातून बाहेर काढलेला रोल आहे. एकदा दाराच्या फटीतून सुईएवढा उजेड आला आणि एका लग्नाचे सगळे फोटो गेले. ती नवरा-बायको अजून मला बघून रस्ता ओलांडतात. तेव्हा फट म्हणजे काय ते समज.

तिच्या खोलीची खिडकी आधी काळ्या ताडपत्रीने बंद कर, त्यावर गोधडी ठोक. काचेवर भरवसा ठेवू नको, काच हा उजेड अडवत नाही. उन्हासाठी बायका लावतात ती क्रीमही इथे चालत नाही, ती वेगळ्या किरणांसाठी असते. दाराला आतून एक, बाहेरून एक पडदा. कौलांत जिथे आकाश दिसतं तिथे चिंध्या कोंब. बल्ब काढून ठेव, नाहीतर सवयीने कोणीतरी बटण दाबेल. देव्हाऱ्यातला लाल दिवाही नको: माझ्या डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा, पण ताईला चावणारा रंग नेमका तोच आहे. मोबाइल तिच्याजवळ नको, त्याची काचही उजेड टाकते. जेवण अंधारात द्या. ती हाताने जेवते, डोळ्यांनी नाही.

इस्पितळाने एक इंग्रजी कागद दिला होता, तो माझ्या पिशवीत राहिला. तुला त्याची गरज नाही. त्यातलं कामाचं वर आलं आहे, आणि जिथे त्यांनी सैल सोडलंय तिथे मी घट्ट केलंय.

शेजारणी ग्रहण ग्रहण करतील. त्यांना म्हणावं, भाजी चिरा, जेवा, झोपा; हे ते नाही. ताईला फार जपून बघायची गरज नाही, ती खंबीर आहे. गाडीत हळूच माझ्या कानात म्हणाली, "जन्मभर मी उन्हात बोंबील टाकले, आता ऊन मला वाळवायला टपलंय."

तुमच्याकडे भूकंपाचे धक्के बसताहेत ते रोज वाचतो. तलासरीकडची माणसं रात्री घराबाहेर मंडप घालून झोपतात म्हणे. तुम्ही झोपा. ताईला नेऊ नको. धक्का बसला तर तिला पलंगाखाली बसव. काहीही झालं तरी तिचं पाऊल त्या खोलीबाहेर पडता कामा नये. या ओळीखाली मी रेघ मारली आहे, बघ.

तुझा
सदानंदमामा


आगर
२ फेब्रुवारी २०१९

चि. जतीन,

आशीर्वाद. काल दुपारचा धक्का इथेही चांगलाच लागला. शाळा सुटल्यासारखा सगळा गाव मैदानात. घरातली भांडी खाली आली.

तुमच्याकडचं आज चिमणने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. चिमणने डोळ्यांनी बघितलं, त्याचा टेम्पो तेव्हा तुझ्या गॅरेजसमोरच उभा होता. तो म्हणाला, सगळी आळी शेतात पळाली, भाविनी ओरडत होती, "आई, बाहेर नीकळो, जलदी!" आणि तू दारावर मुठी मारत होतास. आतून ताईने कडी लावलेली. तू म्हणालास, "आई, भिंत हलतेय!" तर आतून आवाज आला, "सदाने काय लिहिलंय? काहीही झालं तरी. मग हे काहीहीच आहे ना?"

चिमण हे सांगताना हसला. मी हसलो नाही.

तू दार तोडलंस, तिच्यावर आडवा पडलास, कौलं तुझ्या पाठीवर आली आणि एक तुकडा तिच्या कपाळाला लागला, हेही त्याने सांगितलं. टाके पडले? टाके घालताना दिवा कुठला होता, किती जवळ? हे विचारतोय ते उलटतपासणी म्हणून नाही.

तू माझ्यासाठी निरोप दिलास: "मामाला सांग, घर पडलं असतं तर फोटो काढायला बोलावणारच होतो." मिळाला. तुझ्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो. पण त्यापुढे तू जे म्हणालास, की आता इस्पितळ नाही, तपासणी नाही, वीस तारखेला आई कुठेही जाणार नाही, ते मी मान्य करत नाही. घर हललं म्हणून उपचार चुकीचा ठरत नाही. धरणीकंप मी आणलेला नाही. लेसरनेही नाही. इतकं तरी कबूल कर.

मी तेव्हाच सांगत होतो की तिला आगरला ठेव. इथे भांडी पडतात, तिथे भिंती. तू तिला मुलगा म्हणून नेलंस, शहाणपणा म्हणून नाही. चेकपोस्ट उठल्यापासून तुझ्या गॅरेजला ट्रक थांबत नाहीत, डोक्याला शंभर कटकटी आहेत, त्यात हे. मला कळतं. पण कटकटीतला माणूस एका फटक्यात सगळंच बंद करून टाकतो, आणि मला तेच होऊ द्यायचं नाही.

मला इतक्यात तिकडे येता येणार नाही. कारण आहे, पण ते मोठं नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला होता. कपाळाच्या जखमेचं विचारलं. ती साधी आहे, नेहमीसारखी भरेल. तोंडातली पांढरी खपली निघतेय, तेही अपेक्षेप्रमाणे आहे; म्हणजे जिथे उजेड लागला तिथे काम झालं. बाईंनी आणखीही काही विचारलं. ते मग लिहीन.

एक विचारायचं राहिलं. ती दिवसभर पूर्ण काळोखात असते, की कुठे थोडा उजेड येतो? जसं असेल तसं कळव. स्वयंपाकघराचं दार उघडं राहतं का? भाविनीने एखादी फट ठेवली असेल तर तिच्यावर रागावू नको. कौलं पडली तिथे तू परत चिंध्या कोंबल्यास का? कोंबल्या नसशील तर घाई करू नको. तिला अंधारात दिसतं का, म्हणजे बाहेर आल्यावर चाचपडली का, तेही लिही.

बायकांची तिच्याकडे ये-जा असते का? ताईला माणसं लागतात. बाजारात तिच्या टोपलीशी मासळीपेक्षा गर्दी जास्त असायची.

चिमण परत येताना उत्तर दे. दोन ओळी चालतील. शिव्यांच्या असल्या तरी चालतील, पण मी विचारलेलं त्यात असू दे.

तुझा
मामा


आगर
४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

जतीन,

तुझं उत्तर मिळालं. "तुम्ही लिहिलं ते सगळं केलं. एक फट ठेवली नाही. कौलांखाली नवीन ताडपत्री ठोकली. आता काय राहिलं?"

लहानपणापासून तू माझं कधी ऐकलं नाहीस. पोहायला खाडीत जाऊ नको म्हटलं, गेलास. फोटोचं काम शिकायला स्टुडिओत ये म्हटलं, तलासरीला गेलास. आणि या वेळी, माझ्यावर चिडलेला असताना, मला चारोटीला उतरवून दिल्यावर, माझं अक्षर न् अक्षर पाळलंस. आईसाठी पाळलंस.

जे डॉक्टरबाईंनी विचारलं ते आता लिहितो. त्यांनी विचारलं, "खोलीत दिवा कुठला आहे?" मी म्हटलं, नाही. "नाही म्हणजे?" मी सगळं सांगितलं. अभिमानाने सांगितलं. ताडपत्री, गोधडी, दोन पडदे, बल्ब काढला. मला वाटलं, बाई म्हणतील, असं कुणी करत नाही. त्या तेच म्हणाल्या. पण वेगळ्या आवाजात.

अंधार करायचा नव्हता, जतीन. ऊन टाळायचं होतं. भर दिवसाचा उजेड, डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा, एवढंच टाळायचं. खोलीतला साधा उजेड तिला हवाच होता, कारण त्याच मंद उजेडाने कातडीतलं औषध थोडं थोडं मोडून निघून जातं. माणूस पूर्ण काळोखात बसला तर ते जसंच्या तसं राहतं. म्हणजे ताई आज जवळजवळ तितकीच कच्ची आहे जितकी गाडीत बसताना होती. महिना झाला म्हणून तू तिला हसत हसत अंगणात आणलं असतंस आणि ती भाजली असती.

फिल्मला थोडा उजेडही नासवतो. माणसाला थोडा उजेड बरा करतो. मी बहिणीला फिल्म समजलो.

त्या इंग्रजी कागदावर हे होतं. वाचलं होतं. मला वाटलं, हे थंड देशांतल्या लोकांसाठी लिहिलेलं, आपल्या उन्हाची त्यांना काय कल्पना. म्हणून ती ओळ मी तुझ्यासाठी उतरवली नाही. परवाच्या पत्रात तुला फटीबद्दल विचारलं, ते एवढ्यासाठी की तुम्ही कुठेतरी माझं ऐकलं नसेल अशी आशा होती.

हे सगळं काल मी भाविनीला फोनवर सांगितलं. तू तेव्हा गॅरेजात होतास. तिने लगेच पडदा सारून ताईला सांगितलं, आई, बल्ब लावते, मामांनीच सांगितलंय. ताई आतून म्हणाली, "तुम्ही धक्क्याला घाबरलात म्हणून मला बाहेर काढायला बघताय. पडदा सोड." भाविनी म्हणाली, थांबा, मामांशीच बोला. तिने फोन पदरात गुंडाळून दारातून आत धरला. मी ओरडून म्हटलं, "ताई, मी सदा. माझी चूक झाली. उजेड चालतो."

मग ताईचा आवाज, मला नाही, भाविनीला: "हा सदा नाही. सदा चुकलो म्हणणार नाही. जतीनने कोणालातरी उभा केलाय."

भाविनी रडायची ती हसायला लागली. मला म्हणाली, "मामा, एमने कोण समजावे? तमेच आवो." मी म्हटलं, मी आत्ता कसा येऊ, व्हिडिओ लाव, तोंड बघेल. तर त्या काचेच्या उजेडाला ताईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेही मीच शिकवलेलं. शेवटी तिने निकाल दिला: "सदाने शाईने लिहून पाठवलंय. बदलायचं असेल तर त्याच्या हातचं आणा."

पन्नास वर्षं मला ओळखते. तिचं चुकलं कुठे?

मी स्वतः का येत नाही हे तू विचारशीलच. शुक्रवारच्या धक्क्याला स्टुडिओतला फोटो मोठे करायचा जुना एन्लार्जर मांडणीवरून माझ्या पावलावर पडला. हाड मोडलं. काल गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, दोन दिवस पाय खाली सोडायचा नाही. परवा चिमणच्या टेम्पोत मासळीच्या पेट्यांवर पाय ठेवून येतोय, तू दारात उभा राहिलास तरी येतोय. पण दोन दिवस तिला त्या खोलीत ठेवायची माझी तयारी नाही. काल रात्रीही तुमच्याकडे धक्का होता. म्हणून हे आधी.

आता नियम. हे मी डॉक्टरबाईंकडून ऐकून, परत त्यांनाच वाचून दाखवून लिहितोय.

गोधड्या काढ, ताडपत्री काढ. खिडकीला एकच साधा पडदा ठेव, थेट ऊन आत येणार नाही इतका. बल्ब परत लाव, साधा, डोक्यावर टांगलेला, तोंडाजवळ नाही. तुझ्या गॅरेजातला हॅलोजन आणू नको. दार दिवसा उघडं असू दे, बायकांना आत येऊन बसू दे. रात्री तिला सगळ्यांबरोबर मंडपात झोपव, तिथल्या दिव्याला काही होत नाही. अंधारात बसून डोळे कोवळे झालेत, पहिल्या दिवशी ती डोळे झाकेल, कुरकुर करेल; करू दे.

आणि दिवसा धक्का बसला तर तिला बाहेर काढ. अंगावर जाड चादर, डोक्यावर टोपली, हातांवर काहीही गुंडाळून, पण काढ. ऊन लागून कातडी भाजली तर महिन्याभरात भरते. डोक्यात कौल पडलं तर त्यावर कोणत्याही नॅनोमीटरचा इलाज नाही. "काहीही झालं तरी" ही माझी ओळ. कागदावर नव्हती, डॉक्टरबाईंनी सांगितली नव्हती. ती मी खोडतो. रेघेसकट.

महिना संपला म्हणून एकदम बाहेर आणू नको. आधी हाताचा रुपयाएवढा भाग थोडा वेळ उन्हात धरून बघायचा, दुसऱ्या दिवशी लाल झाला नाही तर पुढे. ते मी आलो की करू.

पेन उघडलंच आहे तर आणखी एक. दिवाळीत तुला मी म्हणालो होतो, या उपचाराने रोग जाईल. डॉक्टरबाई तसं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, काहींचा जातो, काहींचा काही काळ दबतो, काहींचा परत येतो. तुमच्या बहिणीचं कुठलं ते वीस तारखेला बघितल्यावर कळायला लागेल. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ताईलाही. तुला सांगितलं असतं तर तू तिला इस्पितळाच्या दाराशीच अडवलं असतंस, म्हणून आम्ही दोघांनी तुला 'जाईल' एवढंच सांगितलं. खोटं लिहीत नाही असं मी फुशारकीने लिहिलं होतं. ते 'जाईल' लिहिलं नव्हतं, बोललो होतो. हा फरक तुला पटणार नाही. मलाही आज फारसा पटत नाही.

तर आता तुझ्याकडे सगळं आहे. माझ्या तोंडावर फेकायला पुरेसं. चिमणला वाचून दाखव, ढाब्यावर वाच, चेकपोस्टच्या रिकाम्या शेडवर चिकटव. नववी पास फोटोवाला चुकला, स्वतःच्या हाताने लिहून दिलंय.

पण याच्यापुढे वाकणार नाही. मी अंधार चुकीचा केला. उजेड चुकीचा नव्हता. दोन्ही एकाच गोणीत भरून तू रस्त्यावर टाकणार असशील तर मी ते करू देणार नाही. माझ्या एका ओळीची शिक्षा ताईच्या गालाला नको. ती तार कुणीतरी वर्षानुवर्षं बसून बनवली आहे, ते औषध कुणीतरी कितीदा फसून तयार केलं आहे. त्यांनी चुका केल्याच असतील, पण कुणी काम टाकून घरी गेलं नाही. मीही जाणार नाही. वीस तारखेला पहाटे, ऊन वर यायच्या आत, गाडी तुझ्या दारात उभी असेल. प्लास्टरसकट मी आत असेन. ताईला माझ्यासमोर विचार, जायचंय का. ती नाही म्हणाली तर मी एक शब्द न बोलता परत फिरेन, चारोटीला उतरायचीही गरज नाही. ती हो म्हणाली तर तू पुढच्या सीटवर बस. मागच्या वेळी बाहेरच राहिलास. या वेळी आत ये, डॉक्टरबाईंना काय विचारायचं ते स्वतः विचार, माझ्या मार्फत नको.

आता हे पत्र घेऊन तिच्या खोलीत जा. वाचून दाखवलंस तर ती म्हणेल, जतीन मनाचं वाचतोय. तिच्या हातात दे. चौथीपर्यंत शिकली आहे, माझं अक्षर ती कुठेही ओळखते. स्टुडिओची पाटी मी रंगवली तेव्हा शिडी तिनेच धरली होती. तिच्यासाठी खाली मोठ्या अक्षरात लिहितो.

ताई, मी सदा. चुकलो. उजेडात ये.

हे तिला काळोखात वाचता येणार नाही. आधी बल्ब लाव, जतीन.

सदानंद